वादळ आणि मतपेटी

लोकसत्ताक देशांत राज्यकारभार कोणाच्या हातीं द्यावा हें लोक मत देऊन ठरवितात, ही गोष्ट विद्यार्थ्यांस नागरिकशास्त्राच्या पुस्तकावरून ठाऊक असतेच. परंतु मतदानाच्या तोंडावर महापूर आला, किंवा तुफानानें मतदानाची जागाच उद्ध्वस्त केली, तर काय करावयाचें, हा प्रश्न अशा पुस्तकांत सहसा येत नाहीं. तो प्रश्न अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या उदाहरणानें समजून घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम त्या देशाचे दोन नियम ध्यानांत घेतले पाहिजेत. पहिला नियम दिवसाचा. अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनीं होते. पूर्वीं निरनिराळीं राज्यें डिसेंबरांतील पहिल्या बुधवारापूर्वींच्या ३४ दिवसांत आपापल्या सोईनें ती उरकीत असत. इ. स. १८४५ मध्यें कायदा होऊन नोव्हेंबरांतील पहिल्या सोमवारानंतरचा मंगळवार हा एकच दिवस सर्व देशास लागू झाला. त्या काळचे बहुतेक लोक शेतकरी होते. तोंवर सुगी आटोपलेली असे आणि बर्फानें रस्ते बंद झालेले नसत, म्हणून हा महिना सोईचा वाटला, असें सांगतात. परंतु अटलांटिक महासागरावरील तुफानांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, आणि निवडणुकीचा दिवस नेमका त्याच हंगामांत पडतो.

हा दिवस अध्यक्षास स्वतःच्या हुकुमानें पुढें ढकलतां येत नाहीं. दिवस ठरविण्याचा अधिकार राज्यघटनेनें काँग्रेस या विधिमंडळास दिला आहे. शिवाय १९३३ सालीं मान्य झालेल्या विसाव्या दुरुस्तीप्रमाणें २० जानेवारीस दुपारीं बारा वाजतां अध्यक्षाची मुदत संपते. सत्ताधीशानें संकटाचें निमित्त करून अधिकारास चिकटून राहूं नये, हा या कडक नियमांतील मोठा गुण होय.

दुसरा नियम मोजणीचा. अमेरिकेंत सर्व देशाचीं मतें एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाहीं. प्रत्येक राज्यास कांहीं निर्वाचक नेमून दिलेले आहेत. त्यांची एकूण संख्या ५३८ असून जिंकण्यास २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का हीं दोन राज्यें सोडल्यास, ज्या उमेदवारास राज्यांत सर्वांत अधिक मतें पडतात त्यालाच तेथील सर्व निर्वाचक मिळतात. अर्थात् तुफान किती मोठें आहे यापेक्षां तें कोणत्या राज्यावर कोसळतें, यास निवडणुकीच्या दृष्टीनें अधिक महत्त्व येतें.

आतां प्रत्यक्ष उदाहरण पाहूं. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं सायंकाळीं ‘सँडी’ नांवाचें तुफान न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलें. निवडणूक ६ नोव्हेंबरास, म्हणजे अवघ्या आठ दिवसांवर आलेली होती. समुद्राचें पाणी न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेंत शिरलें, लाखों घरांतील वीज गेली, आणि हजारों कुटुंबें घरें सोडून परक्या गांवीं राहिलीं. मतदार एकीकडे व त्याची मतदानाची जागा दुसरीकडे, अशी स्थिति झाली.

दिवस बदलणें शक्य नव्हतें. म्हणून राज्यांनीं मतदानाची रीत बदलली. न्यूयॉर्कच्या राज्यपालांनीं संकटग्रस्त भागांतील मतदारांस राज्यांतील कोणत्याही केंद्रावर शपथपत्र देऊन मत देण्याची मुभा दिली. मात्र आपल्या मतदारसंघाबाहेर मत देणाराचें मत अध्यक्षपदासाठीं धरलें जाई, स्थानिक जागांसाठीं नाहीं. कोठें कोठें तंबू उभारून मतदान घेण्यांत आलें. न्यू जर्सींत विस्थापितांस ई-मेलनें किंवा फॅक्सनें मतपत्रिका पाठविण्याची परवानगी मिळाली. हेतु चांगला होता. परंतु ही योजना अवघ्या तीन दिवसांपूर्वीं जाहीर झालेली. कचेऱ्यांत अर्जांची इतकी गर्दी झाली कीं, भरलेल्या मतपत्रिका परत करण्याची मुदत ९ नोव्हेंबरपर्यंत वाढवावी लागली. घाईनें केलेला नियम चालविणें किती कठीण असतें, हें यावरून दिसून येईल.

या तुफानानें निकाल फिरला काय? येथें थोडें अंकगणित करूं. बराक ओबामा यांस ३३२ आणि मिट रॉम्नी यांस २०६ निर्वाचक-मतें मिळालीं. न्यूयॉर्कचे २९ आणि न्यू जर्सीचे १४ मिळून ४३ निर्वाचक होतात. हे सर्व ओबामांकडून काढून रॉम्नींस दिले, तरी ओबामांकडे २८९ उरतात. म्हणजे बहुमत राहतेंच. परंतु २००० सालचें गणित निराळें होतें. त्या वर्षीं जॉर्ज बुश यांस २७१ निर्वाचक-मतें मिळालीं. त्यांपैकीं फ्लॉरिडाचीं २५ त्यांनीं अवघ्या ५३७ मतांच्या अंतरानें जिंकलीं होतीं. आणि त्या राज्यांत सुमारें ६० लक्ष लोकांनीं मत दिलें होतें. अशा वेळीं एका लहानशा गांवाचा रस्ता पुरानें बंद झाला असता, तरी सर्व देशाचा निकाल संशयांत पडला असता.

हा धोका ओळखून २०२२ च्या डिसेंबरांत नवा कायदा झाला. असाधारण आणि भयंकर आपत्ति आल्यास राज्यास मतदानाची मुदत वाढवितां येईल. मात्र तसा नियम राज्यानें निवडणुकीच्या दिवसापूर्वींच करून ठेविलेला असला पाहिजे, अशी त्यांत अट आहे. सप्टेंबर २०२४ मध्यें ‘हेलीन’ तुफानाच्या पावसानें नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागांत महापूर येऊन शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तेथील विधिमंडळानें २५ तालुक्यांसाठीं मतदानाचे नियम सैल केले, आणि आगाऊ मतदान ठरल्याप्रमाणें १७ ऑक्टोबरास सुरू झालें. या वेळीं पांच आठवडे हातीं होते. सँडीच्या वेळीं आठच दिवस होते.

आपल्या देशाची व्यवस्था याहून वेगळी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यान्वयें एखाद्या केंद्रावर नैसर्गिक आपत्तीनें मतदान खंडित झाल्यास तेथील मतदान तहकूब करून पुढें घेतां येतें. तें पुरें होईपर्यंत त्या निवडणुकीची मोजणी करीत नाहींत. मागाहून मत देणारास आधींचा कल कळूं नये, हें त्यांतील इंगित आमच्या मतें फार शहाणपणाचें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या सर्वांचें तात्पर्य काय? तुफान कोणत्याही पक्षाचें नसतें. पण तुफानानंतर केलेला नियम मात्र कोणा एका पक्षाच्या सोईचा आहे, असा संशय येऊं शकतो. खेळ सुरू झाल्यावर कोणी नियम बदलूं लागला, तर मैदानावर भांडण होतें, हा तुमचाही अनुभव असेल. कोणास लाभ होईल हें जेव्हां कोणालाच ठाऊक नसतें, तेव्हांच न्यायाचा नियम करणें सोपें असतें. ज्याचें घर वाहून गेलें, त्याच्यापाशीं नागरिक म्हणून मताचा हक्क तरी उरलेला असतो. तो त्यास कसा बजावतां येईल, याची तजवीज शांततेच्या काळांतच करून ठेवणें, हें सुजाण राष्ट्राचें कर्तव्य होय.