गाडीच्या इंजिनाचे आकडे वाचायला शिकूया



'मापन' शिकवताना मुलं कंटाळतात ना? मग एक तास त्यांना गाडीपाशी न्या. आजच्या गाडीत इंजिनाचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक बघतो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. त्याला डिस्प्ले जोडला, की इंजिनाची स्थिती आकड्यांत दिसते.

मुलांना वहीत एवढ्या नोंदी करायला सांगा:

१. कूलंटचे तापमान : इंजिन गरम झाल्यावर साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस. त्यापुढे चढतच राहिले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच उघडू नये.

२. बॅटरीचा व्होल्टेज : इंजिन बंद असताना सुमारे १२.६, चालू असताना १३.५ ते १४.७. चालू असूनही १२ च्या आसपासच राहिला तर चार्जिंग होत नाही असे समजावे.

३. फ्युएल ट्रिम : १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण राखण्यासाठी ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो, ते इथे दिसते. शून्याच्या जवळ असेल तर उत्तम.

आता माझी चूक सांगतो. गाडीत 'चेक इंजिन'चा दिवा लागला. कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मी कोड पुसून टाकला आणि खूश झालो! तीन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग नीट आकडे पाहिले. गाडी जागेवर चालू असताना ट्रिम +२२, पण २५०० आरपीएमला फक्त +६. म्हणजे हवा कुठून तरी चोरून आत शिरत होती. वेग वाढला की एकूण हवेत तिचा वाटा कमी होतो. शोधल्यावर व्हॅक्यूमचा चिरलेला रबरी पाईप सापडला. पाईप बदलला, काम झालं.

म्हणूनच ट्यूनिंगची घाई करू नका. साधा डिस्प्ले आकडे दाखवतो; इंजिनाच्या सेटिंग बदलणं हे जाणकाराचं काम. आधी दोष काढायचा, मग ट्यूनिंग.

प्रयोग मोकळ्या जागेत, हँडब्रेक ओढून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आणि मोठ्यांनीच स्टिअरिंगवर बसून करावा.

मुलांना शेवटी एकच प्रश्न विचारा : दिवा विझला म्हणजे दोष गेला का? उत्तर त्यांनाच शोधू द्या.