नझूलचा पट्टा आणि आपले घर

बुलडाणा, खामगाव, मलकापूर अशा शहरांतील अनेक कुटुंबे ज्या घराला आपले म्हणतात त्याच्या भिंती त्यांच्या, छप्पर त्यांचे. खालची जमीन मात्र सरकारची असते. ही नझूलची जमीन. पट्टा बहुधा 30 वर्षांचा, वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाचा, पेटीत जपून ठेवलेला. आणि त्याची मुदत केव्हा संपली हे घरात कोणालाच ठाऊक नसते. मुलांच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढायचे ठरते किंवा पडके घर नव्याने बांधायला घेतले जाते, तेव्हा तो कागद बाहेर निघतो, आणि बँक नाही म्हणते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास आपण येथे करू या.

गंमत अशी की, आपला सारा वऱ्हाडच एके काळी पट्ट्यावर होता. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि 1902 साली वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने दिला. त्या पट्ट्याला नूतनीकरणाची कटकट नव्हती. आपल्या प्लॉटला ती आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे भोगवटादार वर्ग 1 याला आपली जमीन विकण्यास किंवा गहाण टाकण्यास सहसा सरकारची परवानगी लागत नाही. सरकारी पट्टेदार हा त्याहून वेगळा. तो पट्ट्यातील शर्तींनी बांधलेला असतो. आमच्या पाहण्यात सर्वांत मोठा गैरसमज असा की, नगर परिषदेचा घरटॅक्स भरला, लाईट बिल आपल्या नावाचे झाले, म्हणजे पट्टा चालू राहिला. तसे नाही. घरटॅक्स इमारतीचा, जमिनीचे ते भुईभाडे. टॅक्सच्या 40 वर्षांच्या पावत्या जमा केल्या तरी त्यातून पट्ट्याचे नूतनीकरण होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि त्यावर निर्णय महसूल खाते देते. इंग्लंडमध्ये 1993 च्या कायद्याने फ्लॅटधारकाला 90 वर्षांची वाढ हक्काने मागता येऊ लागली. आपल्याकडे सरकारच्या धोरणावर बरेच अवलंबून असते.

सुरुवात भूमी अभिलेख कार्यालयातून करावी. तेथून आखीव पत्रिकेची नक्कल काढावी आणि पट्टेदाराचे नाव, क्षेत्रफळ, वापराचे प्रयोजन व मुदत हे सर्व मूळ पट्ट्याशी ताडून पाहावे. राहण्यासाठी दिलेल्या जागेत दुकान थाटले असेल, किंवा साध्या स्टँपपेपरवर अर्धा प्लॉट कोणाला देऊन टाकला असेल, तर तो शर्तभंग ठरू शकतो. तो लपवून अर्ज करण्यात शहाणपण नाही. मोजणीत ते निघतेच.

मूळ पट्टेदार हयात नसेल तर आधी वारस नोंद. येथेच बहुतेक घरांत घोळ होतो. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा असतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणीचे नाव वगळून केलेली नोंद हा अन्यायच आहे. शिवाय तिने हरकत घेतली की सगळे प्रकरण वर्षानुवर्षे अडकते.

यापुढे दोन वाटा आहेत. एक, पट्ट्याचे नूतनीकरण. दुसरी, जमीन वर्ग 1 करून घेणे, म्हणजे पट्ट्यातून कायमचे मोकळे होणे. मार्च 2024 मध्ये राज्य सरकारने नागपूर व अमरावती विभागांतील निवासी नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना आणली आणि त्यासाठीची रक्कम बाजारमूल्याच्या 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणली. हे मूल्य सरकारी दर विवरणपत्रातील, म्हणजे रेडी रेकनरमधील, जमिनीचे. जमिनीची किंमत 10 लाख धरली तर 20 हजार रुपये होतात. ज्याला शक्य असेल त्याने दुसरी वाट धरावी असे आम्हांस वाटते, कारण पहिल्या वाटेने गेल्यास मुलांपुढे 30 वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

योजनेची पहिली मुदत 31 जुलै 2025 होती. म्हणून अर्ज देण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नझूल शाखेत त्या दिवशी लागू असलेला दर विचारून घ्यावा, पैसे चलनानेच भरावेत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.