कऱ्हा नदी व तिचा कांठ

नदी म्हटली कीं बारमाही वाहणारें पाणी आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु पुणें जिल्ह्यांतील कऱ्हा नदी ज्यानें वैशाखांत पाहिली असेल, त्याला तिच्या पात्रांत बहुधा वाळू, खडक व एखादें डबकेंच आढळलें असेल. असें कां व्हावें?

ही नदी पुरंदर तालुक्याच्या पश्चिमेस गराडें गांवाकडील डोंगरांत उगम पावते. सासवडास तिला चांबळी नदी मिळते. पुढें जेजुरीजवळून व बारामतीवरून वाहत जाऊन ती नीरेस मिळते. सोमवती अमावास्येस जेजुरीच्या खंडोबाची पालखी स्नानासाठीं हिच्याच कांठीं येते.

नैर्ऋत्येकडून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतांशीं रिते होतात. पूर्वेकडील हा मुलूख पर्जन्यछायेंत राहतो. शिवाय येथील काळ्या पाषाणांत पाणी फारसें मुरत नाहीं व डोंगरउतारावर मातीचा थरही पातळ असतो. म्हणून पडलेलें पाणी त्वरित वाहून जातें, आणि पाऊस सरला कीं झरे आटतात. उलट, २०१९ सालीं सप्टेंबरच्या अखेरीस एका रात्रींत याच नदीस महापूर येऊन कांठच्या लोकांचे अतोनात हाल झाले. दुष्काळ व पूर हीं एकाच कारणाचीं दोन रूपें होत : पाणी थांबत नाहीं.

तें थांबविण्याचा एक यत्न याच तालुक्यांत झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंते विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडानें घेतली. बांध घातले, पाझर तलाव व विहीर केली. त्यांतून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचा नियम मननीय आहे : पाणी जमिनीच्या मानानें नव्हे, तर घरांतील माणसांच्या संख्येनें, माणशीं अर्ध्या एकरापुरतें वांटावें, भूमिहीनांसही वांटा असावा, आणि उसास पाणी देऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, एक हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतें. १०० चौरस मीटरांच्या छपरावर ५०० मिलिमीटर पावसाचें ५०,००० लिटर पाणी पडतें. पाणी थोडें खरें; परंतु अडविलें आणि न्यायानें वांटलें तर तेंच पुष्कळांस पुरतें. आपल्या गांवच्या ओढ्याचें पाणी कोठें जातें, हें या पावसाळ्यांत वडील मंडळींसह अवश्य पाहून या.