पोच कधी दिली, ते आधी विचार

चि. सोनू,


तुझी तुलनेची फाइल नीट वाचली. नोंदणी, लॅब, फार्मसी आणि बिलिंग अशी चार कंपन्यांची सॉफ्टवेअर जोडायला हॉस्पिटलने कोणतं इंटिग्रेशन इंजिन घ्यावं, असं तू विचारतेस. सेकंदाला किती मेसेज जातात, हा रकाना तू सगळ्यात वर ठेवला आहेस. तो खाली ने. तुमच्याएवढ्या हॉस्पिटलला वेग कमी पडणार नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला, तर त्या क्षणी वाटेत असलेल्या रिपोर्टचं काय होतं, हे शोधून काढ.

एचएल सेव्हन या वैद्यकीय मेसेजच्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मेसेजला पोच मिळते. ‘एए’ म्हणजे स्वीकारला, ‘एई’ म्हणजे चूक निघाली, ‘एआर’ म्हणजे नाकारला. ‘एए’ मिळाला की पाठवणारा आपल्या बाजूने तो विषय संपवतो. म्हणून इंजिन ही पोच मेसेज डिस्कवर उतरल्यानंतर देतं की आधीच, ते बघ. तुझ्या फाइलीतल्या मिर्थ कनेक्ट या इंजिनमध्ये हे आपल्या हातात असतं. प्रक्रियेआधी पोच द्यायची की सगळीकडे पाठवून झाल्यावर, असे पर्याय सेटिंगमध्येच आहेत. मेसेज किती तपशिलाने साठवायचा, हेही तिथेच ठरतं. वेग वाढावा म्हणून कुणी साठवणुकीची पातळी फार खाली आणली, तर सर्व्हर पडल्यावर अर्धवट राहिलेले मेसेज आपोआप पुढे जात नाहीत. ही सेटिंग कोण बदलू शकतं, ते आजच लिहून ठेव.

आता दुसरी बाजू. पोच वाटेत हरवली तर पाठवणारा तोच मेसेज पुन्हा पाठवतो, आणि त्याने तो पाठवायलाच हवा. म्हणजे दुबार मेसेज येणारच. ‘आमच्याकडे प्रत्येक मेसेज नेमका एकदाच जातो’ असं विक्रेता म्हणाला, तर ही हमी कुठपासून कुठपर्यंत, ते विचार. काफ्का या मेसेज वाहून नेणाऱ्या सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये अशी सोय आणली, पण ती मुख्यतः काफ्काच्या आतल्या व्यवहारापुरती आहे. बाहेरच्या डेटाबेसात दुसरी नोंद पडू न देणं हे घेणाऱ्याचंच काम.

पोटॅशियमचा रिपोर्ट घे. ६.८ आला आणि दोनदा नोंदला गेला. वॉर्डातल्या डॉक्टरांना वाटेल, पुन्हा रक्त घेऊन तपासलं तरी तेवढाच आला. त्यावर उपचार ठरतात, सोनू, म्हणून इथे घाई करू नकोस. मेसेजच्या एमएसएच ओळीतल्या दहाव्या रकान्यात त्याचा क्रमांक असतो; तो आधी आला आहे का, ही पहिली चाळणी. पण तोच रिपोर्ट नव्या क्रमांकानेही येऊ शकतो. तेव्हा नमुन्याचा क्रमांक, तपासणीचा कोड, निकालाची स्थिती आणि वेळ, हे सगळं मिळून ओळख ठरव. स्थिती तर विसरूच नकोस: ‘एफ’ म्हणजे अंतिम, ‘सी’ म्हणजे दुरुस्त केलेला. दुबार समजून ‘सी’ फेकून दिला, तर चुकीचा आकडा केसपेपरवर तसाच राहील. आणि ‘सी’ आल्यानंतर रेंगाळत पोचलेल्या ‘एफ’ने तो पुसला जाता कामा नये.

क्रमाचंही असंच. ॲडमिट झाल्याचा मेसेज मागे राहिला आणि तपासणीची ऑर्डर पुढे गेली, तर लॅब म्हणणार असा पेशंटच नाही. रांग अनेक थ्रेडमध्ये वाटायची असेल, तर एका पेशंटचे सगळे मेसेज एकाच थ्रेडमध्ये राहू देत.

मेसेज वाहून नेण्यात रॅबिट एमक्यू आणि काफ्का उत्तम आहेत, पण त्यांना एचएल सेव्हन कळत नाही. रूपांतराचा कोड तुम्हाला लिहावा आणि सांभाळावा लागेल, आणि तुमच्याकडे तेवढी माणसं नाहीत. आयबीएमचं एमक्यू १९९३ पासून टिकून आहे; तुमच्या कामाला ते जड होईल. माझा कल मिर्थकडे आहे. मात्र तुझ्या फाइलीत त्यापुढे ‘मोफत’ लिहिलंय, ते आता खरं नाही. २०२५ मध्ये ४.६ आवृत्तीपासून त्याचा मुक्त परवाना बंद झाला. जुन्या मुक्त आवृत्तीवर थांबायचं, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण करणार? २०२३ मध्ये त्यात गंभीर त्रुटी सापडली आणि ती ४.४.१ मध्ये बुजवावी लागली. असं पुन्हा झालं तर जबाबदारी कुणाची, हे व्यवस्थापनाकडून लेखी घे. अडकलेल्या मेसेजची यादी रोज सकाळी कोण बघणार, त्या माणसाचं नावही त्याच कागदावर येऊ दे.

डेमोच्या दिवशी विक्रेत्याला हजार चाचणी-मेसेज सोडायला सांग आणि मध्येच सर्व्हरची वायर काढ. शटडाउन नको, वायरच. परत सुरू झाल्यावर पाठवलेले, पोच मिळालेले आणि शेवटच्या डेटाबेसात उतरलेले मेसेज क्रमांकानुसार जुळव. पोच मिळालेला एकही मेसेज गहाळ नसावा, आणि एकाच रिपोर्टची दोनदा नोंद नसावी. हे जुळेपर्यंत किमतीचा विषय काढू नकोस. निकालाची फाइल मला पाठव, मी रविवारी बसून बघते.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या