फितीवरचा पाठ

कॅसेटवर संगणकाचा मजकूर साठवीत असत, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर ते हसतात. परंतु १९८२ साली इंग्लंडात निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची हीच वही होती. मी या विषयाकडे वळलो तो मामांच्या एका कॅसेटमुळे. लेस्टरला असताना त्यांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रोमन अक्षरांत टंकून ठेवल्या होत्या. कागद पुढे हरवले. फीत तेवढी उरली.

स्पेक्ट्रमची रीत सोपी आहे. शून्यासाठी आखूड लहर, एकासाठी दुप्पट लांब; सेकंदाला सुमारे १५०० बिट. आपल्याला ऐकू येते ती नुसती किरकिर, पण ती लिपीच आहे.

म्हणून माझा आग्रह असा की आधी मजकूर नव्हे, आवाज उतरवून घ्यावा. टेपरेकॉर्डरच्या इयरफोनच्या जागेतून तार काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये घालावी आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने वेव्ह फाइल करावी. एमपी३ करू नये. कानाला नको म्हणून तो जे गाळतो, त्यातच लहरीचा आकार बिघडतो. आवाज घोगरा असेल तर हेडजवळचा स्क्रू किंचित फिरवून पाहावा. (हात मात्र हलका हवा!) पुढे त्या आवाजाचे बाइट करणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. मामांनी टासवर्ड वापरला होता. त्यात ओळ ६४ अक्षरांची असते, तेव्हा दर ६४ अक्षरांनी मजकूर तोडला की ओव्या दिसू लागतात.

खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक खंडाच्या शेवटी पडताळ्याचा एक बाइट असतो. आधीच्या बाइटांत त्या त्या स्थानी आलेले एक सम आहेत की विषम, एवढेच तो सांगतो. श्लोकात अक्षर गळले तर वृत्त अडखळते, पण कोणते गळले ते सांगत नाही; तसेच हे. त्यातही एकाच स्थानी दोन चुका झाल्या तर पडताळा फसतो.

अशा वेळी फीत निरनिराळ्या टेपरेकॉर्डरांवर वाजवून तीन-चार मुद्रणे घ्यावीत व ताडून पाहावीत. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या पोथ्या ताडल्या, तीच ही वाट. रोमन 'डी' व 'एल' यांत एका बिटाचाच फरक, त्यामुळे एका मुद्रणात 'दळिता'ची 'ललिता' झाली होती! ते कोणालाही कळेल. पण 'माळी' की 'मणी'? 'एल' आणि 'एन' यांतही एकच बिट, आणि अर्थ दोन्हींनी लागतो. तिथे माझ्या कानापेक्षा पडताळ्याचे ऐकले. 'मणी' घेतल्यावर खंड जुळला.

शेवटच्या खंडात मात्र दोन जागी एकाच स्थानच्या बिटाची शंका आहे, आणि पडताळ्याला दोन जोड्या चालतात. त्या ओव्यांचे दोन्ही पाठ मी लिहून ठेवले आहेत, आणि त्यांच्या शेजारी ती किरकिरही जशीच्या तशी.