दुधाच्या दाढेची जागा राखा

उसातल्या नांग्या आपण वेळेत भरतो. पोराच्या तोंडातली नांगी मात्र तशीच राहते. "दुधाचीच दाढ, पडणारच की," म्हणून किडलेली दाढ सहाव्या-सातव्या वर्षीच काढून टाकतात. वास्तविक ती दहा-बारा वर्षांपर्यंत हिरडीतल्या पक्क्या दाताची जागा धरून असते. ती गेली, की सहाव्या वर्षी मागे उगवलेली दाढ (ही पक्की असते, पुष्कळांना ती दुधाचीच वाटते!) पुढे सरकते आणि नवा दात वाकडा येतो किंवा आतच अडकतो. म्हणून आम्ही सांगतो, किडकी दाढ शक्यतो भरून वाचवावी. काढावीच लागली, तर जागा राखणारी तार बसवावी का, हे दंतवैद्यांना त्याच वेळी विचारावे. सातव्या वर्षी एकदा दात दाखवावेत. सगळ्यांनाच तार लागते असे नाही.