एका नियमाचं दुसऱ्याला कळावं कसं?

पुण्यातल्या एका प्रोग्रामरने वाहन विम्याच्या नूतनीकरणाचे हप्ते काढणारी प्रणाली ड्रूल्स या रूल इंजिनवर बांधली. सगळ्या टेस्ट पास झाल्या. पहिल्या नोटिसा गेल्या आणि एका ग्राहकाचा फोन आला, "पाच वर्षांत मी एकदाही क्लेम घेतला नाही. मग बोनस वीसच टक्के कसा?"

ग्राहकाचं बरोबर होतं. भारतात ‘नो क्लेम बोनस’चा तक्ता ठरलेला आहे. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, पुढे २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांना ५०. ही सवलत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. हप्ता ८,००० रुपये असेल, तर ५० टक्क्यांनी तो ४,००० होतो आणि २० टक्क्यांनी ६,४००. म्हणजे ग्राहकाच्या खिशातून २,४०० रुपये जास्त.

या प्रोग्रामरचे नियम दोन होते. पहिला क्लेमविना गेलेली वर्षं पाहून टक्केवारी ठरवायचा, दुसरा तिच्यावरून हप्ता काढायचा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला मिळावं म्हणून तिने ते ‘ग्लोबल’ व्हेरिएबलमध्ये ठेवलं. पहिला नियम आधी चालावा म्हणून त्याला जास्त ‘सॅलियन्स’, म्हणजे अग्रक्रम दिला.

टेस्टमध्ये एका वेळी एकच गाडी असायची. प्रत्यक्षात एकाच सेशनमध्ये शेकडो गाड्या आल्या. अग्रक्रमामुळे पहिला नियम आधी सगळ्या गाड्यांसाठी चालला आणि प्रत्येक गाडीने आधीच्या गाडीची टक्केवारी पुसली. दुसऱ्या नियमाची पाळी येईपर्यंत ग्लोबलमध्ये शेवटच्या गाडीचे २० टक्के उरले होते. तेच सरसकट सगळ्यांना लागले.

"मी नियम लिहीत होते, पण डोक्यात एकामागून एक ओळ चालणारा प्रोग्रामच होता," ती सांगते.

रूल इंजिनची रीत वेगळी. ड्रूल्सची मुळं चार्ल्स फोर्जी यांच्या रीटी अल्गोरिदममध्ये आहेत. १९७९ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या पीएचडीच्या प्रबंधात त्यांनी तो सविस्तर मांडला. त्यानुसार इंजिन ‘वर्किंग मेमरी’त ठेवलेल्या माहितीवर, म्हणजे ‘फॅक्ट’वर नजर ठेवतं आणि फॅक्ट बदलला की त्याच्याशी जोडलेल्या अटीच तेवढ्या पुन्हा तपासतं. ग्लोबल या मेमरीच्या बाहेर असतो. तो बदलल्याची वर्दी इंजिनपर्यंत जातच नाही. म्हणूनच नियमांमध्ये माहितीची देवघेव करायला ग्लोबल वापरू नका, असं ड्रूल्सचं डॉक्युमेंटेशनही स्पष्ट सांगतं.

दुरुस्ती छोटी होती. पहिला नियम आता ‘बोनस’ नावाचा नवा फॅक्ट इन्सर्ट करतो. त्यात टक्केवारी असते आणि ती कोणत्या गाडीची, हेही असतं. दुसऱ्या नियमाची अट आहे: गाडी हवी आणि त्याच गाडीचा बोनस हवा. क्रम आता आपोआप लागतो, कारण बोनस आल्याशिवाय दुसरा नियम जागाच होत नाही. सॅलियन्स काढून टाकला.

नव्याने या कामात येणाऱ्यांना ती आणखी तीन गोष्टी सांगते. मेमरीतल्या फॅक्टची किंमत नुसत्या सेटरने बदलू नका. ‘मॉडिफाय’ किंवा ‘अपडेट’ वापरा, नाहीतर बदल इंजिनला दिसत नाही. मॉडिफाय केलं की नियम पुन्हा चालू शकतो, हे धरून चाला. ‘नो-लूप’ त्याला स्वतःच्या बदलाने पुन्हा चालू देत नाही, पण दोन नियम एकमेकांना आळीपाळीने जागवत राहिले, तर तिथे ते उपयोगी पडत नाही. आणि निष्कर्ष एखाद्या अटीवर टिकून असेल, तर ‘इन्सर्ट लॉजिकल’ घ्या. उशिरा एखादा क्लेम नोंदला गेला आणि अट मोडली, तर बोनसचा फॅक्ट इंजिन स्वतः काढून घेतं. मात्र त्यावरून आधीच काढलेला हप्ता आपोआप बदलत नाही, तो पुन्हा काढायची सोय आपणच करायची.

ग्लोबलला कामच नाही, असं नाही. लॉग लिहिणं, बाहेरची एखादी सर्व्हिस नियमांच्या हाताशी देणं, निकाल गोळा करायला यादी पुरवणं, यासाठी तो योग्यच.

तिच्या टेस्टमध्ये आता एका सेशनला तीन गाड्या असतात: एक ५० टक्क्यांची, एक २० ची आणि एक बोनस नसलेली. तुमच्या नियमांनाही एकदा अशी टेस्ट लावून पाहा, नोटिसा जाण्याआधी.